कावीळ, यकृतरोपण आणि मूत्रपिंड : एका नात्याचा इतिहास



पत्रिकेवर विषय छापून आला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलंच, की तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यकृत आणि मूत्रपिंडावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. आमच्या नावामागचं 'डॉक्टर' औषध लिहून द्यायच्या कामाचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण एक गोष्ट दुसरीमुळे झाली असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, हा आमच्या शाखेतला फार जुना प्रश्न. न्यायदर्शनापासून तो चालत आला आहे. आणि यकृतरोपणाच्या साठ वर्षांच्या इतिहासात तो डॉक्टरांपुढे पुन्हा पुन्हा उभा राहिलेला दिसतो.

कोडं असं आहे. एका माणसाचं यकृत विषाणूने निकामी झालं. ते काढून दुसरं बसवलं. नवं यकृत उत्तम चालतं आहे. आणि सात-आठ वर्षांनी हाच माणूस डायलिसिसच्या खुर्चीत बसलेला दिसतो. आता मूत्रपिंडाने कुणाचं काय बिघडवलं होतं? 'आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला' अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे इंजेक्शन म्हशीलाच दिलं, ते लागूही पडलं, तरी पखाल फाटली. असं का होतं, याचा उलगडा एकदम झाला नाही. तो तुकड्यातुकड्याने झाला, आणि ते तुकडे नीट लावले तर आपल्या जिल्ह्यातल्या एखाद्या रुग्णाच्या उपयोगी पडतील, म्हणून आजचा विषय.

सुरुवात काविळीपासून करू. कावीळ झाली की आपल्याकडे माणूस आधी कुठे जातो ते इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी गळ्यात माळ घालतो, ती माळ दिवसेंदिवस लांबत जाते आणि कावीळ उतरली म्हणतात. कुणी मुळी उगाळून देतो, कुणी झाडपाला वाटून दुधातून देतो. आणि गुण येत नाही असंही नाही. बहुतेक माणसं बरी होतात! कारण पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपली आपण ओसरते. गरोदर बाईला मात्र ई प्रकार जीवघेणा ठरू शकतो, तिथे माळेच्या भरवशावर एक दिवससुद्धा काढू नये. आमच्या शास्त्रात याला काकतालीय न्याय म्हणतात. तुम्ही म्हणता कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. माळ घालायला आणि कावीळ उतरायला एकच गाठ. तेवढ्यावर वैद्याची कीर्ती पंचक्रोशीत पसरते.

पाण्याच्या काविळीचा मोठा धडा देशाला दिल्लीत मिळाला. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत यमुनेच्या पाणी उचलण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार माणसं काविळीने पिवळी झाली. त्या वेळचे रक्ताचे नमुने जपून ठेवलेले होते. पुढे पंचवीसेक वर्षांनी ते तपासले तेव्हा कळलं की ती 'ए' नव्हती, 'बी' पण नव्हती. तिसरंच काहीतरी होतं. तेच पुढे 'ई'. आपल्या महाराष्ट्रात अशा साथींवर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वर्षानुवर्षं काम केलं. २०१२ साली इचलकरंजीत आलेली साथ याच जातीची.

पण आजच्या कथेतले खरे आरोपी बी आणि सी. हे रक्तातून येतात, बाळंतपणात आईकडून बाळाला जातात, आणि मुख्य म्हणजे आले की पुष्कळदा जातच नाहीत. वीस-पंचवीस वर्षं गुपचूप बसतात. माणूस पिवळाही पडत नाही. ज्याला माळ घालावी असं काही दिसतच नाही, त्याला माळ घालणार कोण?

'बी'चा शोध लागला तो विषाणू शोधताना नव्हे. बरूच ब्लूमबर्ग हे अमेरिकी संशोधक जगभरच्या माणसांच्या रक्तातले वंशपरत्वे बदलणारे घटक गोळा करत हिंडत होते. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी घटक सापडला. १९६५ साली त्यांनी तो 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' या नावाने जाहीर केला. पुढच्या दोन-तीन वर्षांत लक्षात आलं की हा वंशाचा गुण नाही, काविळीच्या विषाणूचं कवच आहे. १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. याच ब्लूमबर्गांची गाठ पुढे भुईआवळीशी पडली, हे ऐकून तुम्हाला बरं वाटेल. तीच ती, आपल्या धानाच्या बांधावर, बांधीच्या कडेला पावसाळ्यात उगवते, पानाखाली मण्यांसारखी फळं असतात. मद्रासच्या त्यागराजन यांच्याबरोबर त्यांनी १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, की भुईआवळी दिलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून 'बी'चं ते कवच नाहीसं झालं. नुसती खोटी गोळी दिलेल्या २३ पैकी फक्त एकाच्या. केवढी आशा वाटली असेल! नंतर इतर ठिकाणी करून पाहिलं, तर तसा गुण दिसला नाही. म्हणून ती औषधाच्या यादीत चढली नाही. नोबेलवाल्याचं नाव असूनही चढली नाही, ही गोष्ट आम्हाला विज्ञानाबद्दल सगळ्यात जास्त विश्वास देऊन जाते.

रक्तातून येणारी कावीळ म्हणजे काय, याचं आपल्या राज्यातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण अमिताभ बच्चन यांचं. १९८२ च्या जुलैमध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात बंगळूरला पोटाला मार लागला, मुंबईला ब्रीच कँडीत आणलं, जीव वाचवायला साठ बाटल्या रक्त दिलं. ते सुमारे दोनशे लोकांनी दिलेलं होतं, असं ते स्वतः सांगतात. त्यातल्या कुणा एकाला 'बी' होता. कळलं कधी? जवळपास दोन दशकांनी, एका नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा ७५ टक्के भाग खराब झाला होता. देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाच्या अंगात हा पाहुणा एवढी वर्षं मुक्काम करतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, तर आपल्या लाखांदूर-पवनीच्या माणसाचं काय घेऊन बसलात?

त्या काळात रक्त विकत मिळायचं. रक्त विकून पोट भरणारी माणसं मोठ्या दवाखान्यांच्या बाहेर बसलेली असत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदात्यांवर बंदी आली. 'सी' विषाणू तर १९८९ मध्ये ओळखला गेला, आणि रक्तपेढीत त्याची तपासणी सक्तीची व्हायला आपल्याकडे आणखी दहा-बारा वर्षं लागली. आमच्या पूर्व विदर्भाला यात एक वेगळी काळजी आहे, ती सिकलसेलची. सिकलसेलच्या ज्या मुलांना वारंवार रक्त चढवावं लागलं, त्यांच्यासाठी त्या तपासणीआधीची आणि नंतरची बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. शिवाय सिकलसेल स्वतःच मूत्रपिंडालाही पोखरतो. म्हणजे मुळातच दोन्ही बाजूंनी मार.

असो. विषाणू बसला, यकृतावर व्रण पडत गेले, सिरॉसिस झाला, पोटात पाणी झालं. आता मूत्रपिंड कथेत येतं.

यकृत कडेलोटाला आलं की लघवी कमी होते, मूत्रपिंड काम सोडतं, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनीही पाहिलं होतं. गंमत अशी, की मृत्यूनंतर ते मूत्रपिंड कापून पाहिलं तर त्यात फारसं काही सापडत नसे. चांगलं दिसणारं मूत्रपिंड, आणि काम मात्र शून्य. मग दोष कुठे? १९६९ साली लॉस एंजेलिसमध्ये कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे केलं ते आम्हाला फार आवडतं. यकृताच्या आजाराने गेलेल्या, अशी 'बंद पडलेली' मूत्रपिंडं असलेल्या माणसांची मूत्रपिंडं त्यांनी दुसऱ्या रुग्णांना बसवली. त्या दुसऱ्या शरीरात यकृत ठणठणीत होतं. मूत्रपिंडं चालू लागली! मग १९७३ साली डेन्व्हरमधून उलट बाजूची बातमी आली. अशाच रुग्णांचं यकृत बदललं, मूत्रपिंडाला हातही लावला नाही, आणि मूत्रपिंड आपसूक सुरू झालं.

आमचे विद्यार्थी अन्वय आणि व्यतिरेक घोकून परीक्षा देत. कारण असेल तिथे कार्य असतं, हा अन्वय. कारण नसेल तिथे कार्यही नसतं, हा व्यतिरेक. धूर आणि अग्नी सोडून दुसरं उदाहरण द्या म्हटलं की वर्ग गप्प. हे घ्या उदाहरण. आजारी यकृत आहे तिथे मूत्रपिंड बंद. आजारी यकृत काढलं, किंवा मूत्रपिंडालाच त्याच्यापासून दूर नेलं, की मूत्रपिंड चालू. दुखण्याचा पत्ता मूत्रपिंडाचा होता, पण राहणारा यकृतात होता. यकृत ढासळलं की पोटातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त तिथेच साचतं, शरीराला वाटतं रक्त आटलं, आणि ते मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या वाहिन्या आवळून धरतं. तलाव भरलेला असावा आणि पाटाचं तोंडच कुणी दाबून धरावं, तशातला प्रकार. बांधीचा त्यात काय दोष?

त्यामुळे एक काळ असा होता, की यकृत बदललं म्हणजे मूत्रपिंडाचाही प्रश्न मिटला असं वाटावं. मिटला नाही. त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न थॉमस स्टार्झल यांनी १ मार्च १९६३ रोजी डेन्व्हरला केला. तीन वर्षांचं मूल होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रक्तस्राव होऊन गेलं. पुढचेही रुग्ण टिकले नाहीत, त्यांनी काही वर्षं काम थांबवलं. १९६७ मध्ये पहिल्यांदा रुग्ण वर्षाच्या वर जगला. शिवणकामाची अडचण सुटत होती, पण शरीर परकं यकृत स्वीकारत नव्हतं. सत्तरच्या दशकात शंभरातले सत्तर वर्षभरात जात.

इथे मदतीला आली माती. तिन्ही वेळा मातीच. १९६९ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीचा एक कर्मचारी नॉर्वेत सुटीवर गेला आणि हार्डांगरच्या पठारावरची मूठभर माती पिशवीत भरून घेऊन आला. कंपनीची पद्धतच होती, फिरायला जा, माती आणा. त्या मातीतल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघालं. ते प्रतिकारशक्तीला ठार मारत नाही, एका विशिष्ट पेशीचा आवाज तेवढा बंद करतं. केंब्रिजला रॉय कॅल्न यांनी १९७८ साली ते माणसांत वापरलं, अमेरिकेने १९८३ मध्ये मान्यता दिली, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण तिशीवरून सत्तरीकडे गेलं. दुसरी माती जपानच्या त्सुकुबा भागातली. १९८४ साली तिच्यातून टॅक्रोलिमस मिळालं, स्टार्झल यांनी १९८९ पासून ते वापरलं. आज जगभर यकृत बदललेला बहुतेक माणूस सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून घेतो ती हीच गोळी.

आणि मूत्रपिंड? कॅल्न यांच्या पहिल्याच रुग्णांत दिसलं की सायक्लोस्पोरिन मूत्रपिंडाला बाधतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे तसं दिसलं नव्हतं. टॅक्रोलिमसचीही तीच खोड. दोन्ही औषधं मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक वाहिनी आवळतात. म्हणजे पाहा, आजारी यकृत जे करत होतं, पाटाचं तोंड दाबायचं, तेच आता नवं यकृत वाचवणारी गोळी करते आहे! सुरुवातीला मात्रा कमी केली की तोंड पुन्हा उघडतं. पण वर्षानुवर्षं दाबून राहिलं तर मूत्रपिंडाच्या आत व्रण पडतात, आणि मग मात्रा कमी करून उपयोग नसतो. या 'मग'च्या आधी कुणीतरी बघितलं पाहिजे, हा या सगळ्या व्याख्यानाचा गाभा आहे.

तिसऱ्या मातीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात आपला माणूस आहे. १९६४ साली प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर कॅनडाहून एक तुकडी गेली होती, तिने माती आणली. तिच्यातल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या आयर्स्ट कंपनीत सुरेंद्रनाथ सेहगल यांनी रापामायसिन वेगळं केलं. सेहगल जन्माने पंजाबचे, आता पाकिस्तानात असलेल्या भागातले. १९८३ मध्ये कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली, जिवाणू फेकून द्या म्हणाले. यांनी ते घरी नेऊन आइस्क्रीमच्या शेजारी फ्रीजरमध्ये ठेवले, वर चिठ्ठी: खाऊ नका. काही वर्षांनी नव्या मालकांना पटवून काम पुन्हा सुरू केलं, आणि १९९९ साली त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते, आणि त्याचं भावंड एव्हरोलिमस, मूत्रपिंडाची वाहिनी आवळत नाही. म्हणून टॅक्रोलिमस कमी करून त्याच्या जोडीला हे द्यायची सोय झाली. अर्थात यालाही खोडी आहेत: जखम भरायला उशीर लागतो, लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात, आणि रोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत ते यकृताच्या धमनीला धोक्याचं ठरू शकतं. निर्दोष औषध आमच्या तरी वाचनात आलेलं नाही.

या सगळ्याची बेरीज २००३ साली झाली. अमेरिकेत १९९० ते २००० या काळात यकृत, हृदय, फुप्फुस, आतडं असे मूत्रपिंड सोडून इतर अवयव बसवलेल्या ६९,३२१ लोकांचा हिशेब ओजो आणि सहकाऱ्यांनी मांडला. त्यांतल्या १६.५ टक्के लोकांची मूत्रपिंडं कायमची खूप खालावली. यकृतवाल्यांत पाच वर्षांतला धोका १८.१ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचातला एक. कुणाला जास्त? वय जास्त, रक्तदाब, मधुमेह, शस्त्रक्रियेनंतर लगेच मूत्रपिंडाने दगा दिलेला. आणि एक कारण आपल्या ओळखीचं, आधीपासून हिपॅटायटिस सी असलेला. गोळी एकटी गुन्हेगार नव्हती. विषाणूही अजून घरातच होता.

'सी' विषाणू यकृत बदललं तरी रक्तात राहतो आणि नव्या यकृतात जवळजवळ हमखास शिरतो. शिवाय तो यकृतापुरता थांबत नाही. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं त्याच्याशी जुळून गुठळ्यांसारखी होतात आणि मूत्रपिंडाच्या गाळणीत अडकतात. 'बी'चंही तसंच, लहान मुलांमध्ये तर लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज येते तेव्हा मागे कधी कधी 'बी' निघतो. औषधांचीही एक अडचण होऊन बसली. २०११ मध्ये 'सी'साठी टेलाप्रेविर आलं. निरोगी लोकांत तपासलं तेव्हा दिसलं, की ते सोबत घेतलं तर शरीराला मिळणारं टॅक्रोलिमस सत्तर पटीने वाढतं. सत्तर पट! विषाणू मारायला गेलो आणि मूत्रपिंडाच्या गळ्याला फास लावला, असं झालं असतं.

सुदैवाने २०१३ च्या अखेरीस सोफोसबुविर आलं. अमेरिकेत एक गोळी हजार डॉलरला, बारा आठवड्यांचे ८४ हजार. २०१४ मध्ये भारतातल्या कंपन्यांना ते बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. 'सी'ची औषधं सरकारी दवाखान्यातून फुकट मिळू लागली. तारीख लक्षात ठेवायला सोपी, जागतिक हिपॅटायटिस दिन तोच, कारण ब्लूमबर्ग यांचा तो वाढदिवस. 'बी'ची कथा थोडी वेगळी. तो मुळासकट जात नाही, पण दबतो. १९९० च्या आधी 'बी'च्या रुग्णाचं यकृत बदलायला अनेक ठिकाणी नकार असे, कारण नवं यकृतही जायचं. आधी प्रतिद्रव्यांची इंजेक्शनं आली, मग लॅमिवुडिन, पुढे एन्टेकाविर आणि टेनोफोविर, आणि तो नकार मावळला. यातलं टेनोफोविर काही लोकांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही, म्हणून त्याचा सौम्य अवतार २०१६ मध्ये निघाला. फिरून फिरून आपण मूत्रपिंडाशीच येतो की नाही?

आता आपल्या राज्याकडे वळू. अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा १९९४ चा. तो ४ फेब्रुवारी १९९५ पासून ज्या राज्यांत सुरुवातीलाच लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा आहेत. देशातलं पहिलं यशस्वी यकृतरोपण १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीला झालं. कांचीपुरमचं दोन वर्षांच्या आतलं मूल, वडिलांनी यकृताचा तुकडा दिला. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला. महाराष्ट्रात मात्र दीर्घकाळ मोठ्या माणसांनाही बाहेर जावं लागे. विलासराव देशमुख यांना २०१२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून विमानाने चेन्नईला नेलं होतं, यकृतरोपणासाठी. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही निकामी झाली होती. रोपण होण्याआधीच १४ ऑगस्टला ते गेले. दोन वेळा मुख्यमंत्री राहिलेला माणूस, तेव्हा केंद्रात विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री! प्रतीक्षायादीत मूत्रपिंडाचं घड्याळ यकृतापेक्षा वेगाने पळतं. अमेरिकेने २००२ पासून यकृत आधी कुणाला द्यायचं हे ठरवायला जे गणित वापरलं, त्यात म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, घातला. त्याची दुसरी बाजू अशी, की आता रोपणाला येणाऱ्या पुष्कळांची मूत्रपिंडं येतानाच थकलेली असतात.

नागपूरला विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र २०१३ च्या सुमारास उभं राहिलं आणि २०१८ पासून यकृतरोपणही तिथे होऊ लागलं. भंडाऱ्याहून साठ किलोमीटर. चेन्नईच्या मानाने अंगणच. तरीही शस्त्रक्रिया एक दिवसाची, आणि पुढची वीस वर्षं माणूस आपल्या गावात काढणार आहे. खरा प्रश्न तिथला आहे.

समजा, साकोली तालुक्यातला एक धान उत्पादक शेतकरी. 'बी'मुळे यकृत गेलं, बायकोने तुकडा दिला. (जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त, आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. यावर एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं.) टॅक्रोलिमस चालू आहे, प्रकृती उत्तम, रोवणीला उभा राहतो. चिखलात उभं राहून जांघेत गजकर्ण उठतं. तो मेडिकलमधून बुरशीची गोळी घेतो. या गोळ्यांनी टॅक्रोलिमस रक्तात वाढतं. कंबर दुखते, तो दुखण्याची गोळी घेतो. ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशाच्या उन्हात जुलाब लागतात. अंगातलं पाणी जातं आणि, विचित्र वाटेल, पण जुलाबात टॅक्रोलिमस शरीरात जास्त शोषलं जातं. कुणी म्हणतं गुळवेल घे, ताकद येईल. करोनाच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वाद झाला. तो वाद तज्ज्ञ मिटवतील. पण दुसऱ्याचं यकृत अंगात वागवणाऱ्या माणसाने तो मिटेपर्यंत काढ्यापासून लांब राहावं, एवढं तरी पटायला हरकत नाही. यातली एकही गोष्ट गुन्हा नाही. सगळ्या आपण सगळेच करतो. मेडिकलवाल्या भाऊला मात्र कुणी सांगितलेलं नसतं, की हे यकृत बदललेलं गिऱ्हाईक आहे.

आणि क्षयरोगाचं औषध सुरू झालं तर नेमकं उलटं: रिफाम्पिसिनने टॅक्रोलिमस इतकं खाली जातं, की शरीर यकृतच नाकारू शकतं. म्हणून क्षयाच्या केंद्रावर पहिल्याच दिवशी सांगायचं.

शेवटचा मुद्दा त्या क्रिएटिनिनचा. साधी रक्ततपासणी आहे, तालुक्याच्या ठिकाणीही होते. अहवालात आकडा आणि शेजारी कंसात 'नेहमीची मर्यादा' छापलेली असते. आकडा कंसात बसला की माणूस कागद घडी करून खिशात घालतो. पण क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. सिरॉसिसने हातपाय काडीसारखे झालेल्या माणसात ते मुळातच कमी तयार होतं. आखाड्यातल्या पहिलवानाचा १.१ आणि या माणसाचा १.१ सारखा नव्हे. याचं मूत्रपिंड अर्ध्यावर आलेलं असलं तरी कागदावर सगळं ठीक दिसतं. त्यामुळे छापील कंसापेक्षा मागच्या तपासणीचा आकडा शेजारी ठेवून बघायचं. ०.८ चा ०.९, मग १.१, असं चढत असेल तर कंसाच्या आत असतानाच तो कागद घेऊन नागपूरची गाडी धरायची, आणि सोबत लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करून न्यायची. तेव्हा गोळीची मात्रा हलवायला अजून जागा असते. सगळे जुने कागद एका फाइलीत तारखेने लावून ठेवावेत, हे काम घरातल्या शाळकरी पोरालाही जमतं.

आता कुणाला विचारायचं असेल तर विचारा. औषधांच्या मात्रेचा प्रश्न मात्र आम्हाला नको, तो तुमच्या डॉक्टरांना.